टूथपेस्ट निवडण्याआधी आपले दात पाहावेत

माझी बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत एखाद्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचायची वेळ आली की ती वस्तू माझ्याकडे येते. सर्वांत जास्त विचारणा टूथपेस्टची होते आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, की यांतली चांगली कोणती. याला सरसकट उत्तर देता येत नाही. घरात चार वर्षांची नात असते, गार पाण्याने दात शिवशिवणारा चाळिशीतला मुलगा असतो, हिरड्या मागे सरकलेल्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आजी असतात, आणि या तिघांच्या तोंडाची गरज निरनिराळी असते. तरीही महिन्याच्या किराणा सामानाबरोबर सर्वांसाठी एकच मोठी ट्यूब आणून बेसिनवर ठेवायची, अशीच आपल्याकडची रीत आहे. मी दंतवैद्य नाही. मात्र घटकांची यादी कशी वाचायची आणि त्यातला कोणता घटक काय काम करतो, एवढे मला नीट सांगता येते, आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे मनापासून वाटते.

खोक्याच्या पुढच्या बाजूला मीठ, लवंग, कोळसा, कडुलिंब, चमकणारे दात असे काहीही असू शकते. निवड करताना खोके उलटे करून मागची यादी वाचावी. तिथे लक्षात येते की बहुतेक पेस्टचा मूळ ऐवज जवळपास सारखाच आहे. घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी, किंवा सिलिका असते. पेस्ट वाळू नये म्हणून सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट आणि चवीसाठी पुदिना व सॅकरिन घातलेले असते. खरा फरक पडतो तो सक्रिय घटकाने, आणि तो घटक आपल्या तोंडातल्या तक्रारीशी जुळतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

या घटकांत पहिला मान फ्लोराइडचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दाताचे बाहेरचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचे बनलेले असते. आपण गोड खाल्ले की दातांवर साचलेल्या थरातले जिवाणू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (तो जितका कमी तितके आम्ल तीव्र), सुमारे ५.५ च्या खाली उतरला की हे खनिज विरघळू लागते. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि गेलेले खनिज थोडे थोडे परत बसू लागते. त्या वेळी तोंडात किंचित फ्लोराइड असेल, तर परत बसणारे खनिज आधीपेक्षा चिवट असते; ते विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. दात किडण्याची सगळी प्रक्रिया या देवाणघेवाणीत आहे, आणि म्हणूनच किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे ठरते. सणाच्या दिवशी जेवणात दोन पुरणपोळ्या खाणाऱ्यापेक्षा ऑफिसमधून दर दीड तासाने खाली उतरून अमृततुल्यचा गोड चहा घेणाऱ्याच्या दातांना सावरायला फार कमी वेळ मिळतो. अशा माणसाने पेस्टच्या चवीची चर्चा बाजूला ठेवून आधी फ्लोराइड आहे का ते पाहावे.

फ्लोराइड विषारी असते, असे संदेश व्हॉट्सॲपवर सतत फिरतात, आणि त्यांना उत्तर देताना मी ही भीती उडवून लावत नाही, कारण तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेले, तेव्हा तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते आणि त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते पिण्याच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे होते, हे १९३१ मध्ये रासायनिक तपासणीतून कळले. त्याबरोबर हेही दिसून आले होते की डाग पडलेले ते दात फारसे किडत नव्हते. मग डाग पडणार नाहीत पण कीड रोखली जाईल अशी मात्रा शोधली गेली आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ती प्रथम मिसळली गेली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे आणि तिथे दातांवरचे डागच काय, हाडांचे विकारही आढळतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. पुण्याच्या नळाला खडकवासल्याचे, म्हणजे धरणात साठलेले पावसाचे पाणी येते, आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असते. उपनगरांतल्या ज्या सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर अवलंबून आहेत, त्यांनी मात्र पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, विशेषतः घरात आठ वर्षांच्या आतली मुले असतील तर, कारण कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच हे डाग पडतात.

आता खोक्यावरच्या आकड्याविषयी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि त्याचे प्रमाण ट्यूबवर तसेच खोक्यावर छापलेले असावे. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग; १००० पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते, यावरून मात्रा किती थोडी आहे ते कळावे. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा साधारण १००० पीपीएमपासून पुढे आहे. पुण्यातल्या कितीतरी घरांत मुलगा जर्मनीत किंवा मुलगी अमेरिकेत असते आणि येताना सामानात तिथल्या ट्यूब येतात. त्यांतल्या युरोपातल्या ट्यूबवर १४५० किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसतो, कारण तिथे १५०० पर्यंत परवानगी आहे. मोठ्यांनी ही पेस्ट बिनदिक्कत वापरावी, लहान मुलांच्या हाती देताना मात्र आकडा पाहून द्यावी. यादीत फ्लोराइडची नावे सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड अशी येतात. खडूची भुकटी असलेल्या पेस्टमध्ये यांपैकी मोनोफ्लुओरोफॉस्फेटच दिसते आणि त्याचे कारण माझ्या विषयातले आहे: साधे सोडियम फ्लोराइड घातले तर ते खडूतल्या कॅल्शियमशी ट्यूबमध्येच संयोग पावून जवळपास न विरघळणारे होऊन बसेल आणि दातांपर्यंत त्याचा उपयोग पोहोचणार नाही. महाग पेस्टमध्ये सिलिका असते आणि स्वस्तात खडू असतो, एवढ्यावरून स्वस्त पेस्ट कुचकामी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे, आणि ज्याला कोणतीही खास तक्रार नाही त्याला फ्लोराइड असलेली साधी, परवडणारी पेस्ट पुरेशी आहे.

लहान मुलांच्या बाबतीत पेस्टच्या प्रकाराइतकेच तिच्या प्रमाणाकडे लक्ष द्यावे. पहिला दात दिसला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यावी, असे अमेरिकी दंतवैद्यक संघटनेचे २०१४ पासूनचे मार्गदर्शन आहे. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची लाट दाखवतात, तेवढी मोठ्या माणसालाही लागत नाही. स्ट्रॉबेरीच्या चवीच्या पेस्टविषयी माझा आक्षेप एवढाच आहे की ती खाऊ वाटते आणि गिळली जाते. मुलांना थुंकायला शिकवणे हे त्यांना दात घासायला शिकवण्याचाच भाग आहे, आणि सहा-सात वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आई, बाबा किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणीतरी आपल्या हाताने फिरवावा. मुलांसाठीच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसते. ज्या मुलाच्या दाढांवर आधीच काळे ठिपके आहेत त्याला अशी पेस्ट देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दात शिवशिवण्याची तक्रार आता तिशीतच सुरू झालेली दिसते. उन्हाळ्यात मस्तानीचा पहिलाच घोट घेताना पुढच्या दातांतून कळ थेट डोक्यात जाते आणि पुढचा ग्लास एका बाजूने, जीभ आड धरून संपवावा लागतो, हे वर्णन मी अनेकांकडून ऐकले आहे. एनॅमलच्या आत डेंटिनचा थर असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात, ज्या थेट दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत जातात. एनॅमल झिजले किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले की या नळ्यांची तोंडे मोकळी होतात. गार, गोड किंवा आंबट लागताच आतला द्रव हलतो आणि नस चेतवली जाते. यावरच्या पेस्ट दोन मार्गांनी काम करतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट नसेची चेतना मंदावते. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असलेली पेस्ट नळ्यांची तोंडे बुजवते. दोन्हींचा पुरता गुण यायला दोन ते चार आठवडे नियमित वापर लागतो, म्हणून चार दिवस लावून फरक नाही म्हणत ट्यूब बाजूला टाकू नये. काही सेन्सिटिव्ह पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, तेही मागे पाहावे. आणि झीज ज्यामुळे झाली ते कारण तसेच चालू राहिले, तर कोणतीही पेस्ट पुरी पडणार नाही: कडक ब्रशने भांडी घासल्यासारखे आडवे घासणे, रात्री झोपेत दात खाणे, दिवसातून अनेकदा लिंबू सरबत किंवा शीतपेये पिणे, ही ती कारणे आहेत. आंबट प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश मात्र अर्धा-एक तास थांबून करावा, कारण त्या वेळी एनॅमलचा वरचा थर मऊ झालेला असतो.

इथे एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते. कळ एकाच दातात येत असेल, गार पाणी गिळून झाल्यावरही ती मिनिटभर टिकत असेल, गरम लागताच वाढत असेल, चावताना दुखत असेल किंवा रात्री ठणका लागत असेल, तर ती साधी शिवशिव नाही; कीड आत गेलेली असू शकते किंवा दाताला तडा असू शकतो. अशा वेळी सेन्सिटिव्ह पेस्ट लावून दुखणे अंगावर काढले, तर जिथे साधे फिलिंग पुरले असते तिथे रूट कॅनालची वेळ येते.

वयस्क माणसांच्या दातांकडे घरात सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे माझे निरीक्षण आहे. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बसवून आजी-आजोबांचा खालचा ओठ जरा खाली ओढून पाहावा: हिरडीच्या कडेला दाताचा पांढरा भाग संपून पिवळसर, किंचित खोलगट पट्टा दिसतो, तो उघडा पडलेला मुळाचा भाग होय. मुळावर एनॅमल नसते आणि तो भाग पीएच ६ च्या थोडे वर असतानाच विरघळू लागतो, म्हणजे एनॅमलपेक्षा कितीतरी लवकर किडतो. त्यातच रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळेचे संरक्षण कमी होते. या वयात फ्लोराइडची गरज लहानपणाइतकीच असते, आणि गरज वाटली तर डॉक्टर जास्त मात्रेची पेस्ट लिहून देतात. मधुमेह आणि हिरड्यांचे आजार एकमेकांना खतपाणी घालतात, हे तर सिद्ध झालेले आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट उपयोगी पडते, पण दातांवर एकदा कीटण धरले की ते कोणत्याही पेस्टने निघत नाही. पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असलेली पेस्ट नवे कीटण धरण्याचा वेग कमी करते, इतकेच. धरलेले कीटण डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे लागते. दात साफ करून घेतले की ते सैल होतात, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. दात कीटणाखालच्या आजाराने आधीच सैल झालेले असतात, कीटण निघाल्यावर ते जाणवते. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती टूथपेस्टने घासू नये, कारण पेस्टमधल्या पुडीने तिच्यावर ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि सौम्य साबण यांनी ती नीट स्वच्छ होते.

दात पांढरे करणाऱ्या पेस्टविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. चहा, कॉफी, तंबाखू यांचे वरवरचे डाग त्या घासून काढतात, दाताचा मूळ रंग बदलत नाहीत, आणि बसवलेली कॅप किंवा फिलिंग यांच्यावर तर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. एनॅमल मुळातच अर्धपारदर्शक असल्याने आतल्या डेंटिनचा पिवळेपणा बाहेर दिसतो, म्हणून घासून घासून एनॅमल पातळ केले की दात आणखी पिवळे दिसू लागतात. पेस्ट किती घासते हे मोजायचे आरडीए नावाचे एक माप आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते २५० च्या वर जाऊ नये. आपल्याकडे खोक्यावर ते सहसा छापलेले नसते. कोळशाच्या पेस्टचा आणि आपल्या आज्यांच्या राखुंडीचा दोष एकच, तो म्हणजे खरखरीतपणा. राखुंडीने दात स्वच्छ वाटतात हे खरे, पण वर्षानुवर्षे वापरलेल्यांचे दात हिरडीपाशी खाचा पडल्यासारखे झिजलेले आढळतात.

आयुर्वेदिक पेस्ट आणि मंजने यांच्याबद्दल आपल्या मनात आपुलकी असते, माझ्याही आहे. बाभळीची साल तुरट असल्याने हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, लवंगेतले युजेनॉल दुखणे तात्पुरते बधिर करते, आणि हे परिणाम खरे आहेत. मात्र यांपैकी बहुतेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते आणि कीड रोखण्याच्या बाबतीत त्याची जागा घेईल असा पुरावा या वनस्पतींकडे नाही. ज्यांचे दात वर्षानुवर्षे किडलेले नाहीत आणि गोड खाणे मोजके आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. ज्यांच्या तोंडात दोन-तीन फिलिंग आहेत त्यांनी निदान रात्री फ्लोराइडची पेस्ट घ्यावी.

मिश्रीविषयी मात्र कोणतीही सूट देता येणार नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड पुणे जिल्ह्यातल्या गावांत आणि शहरातल्या वस्त्यांत आजही अनेक बायका सकाळी दातांना लावतात, आणि पुष्कळ जणींना ती दिवसातून चार वेळा लागते, कारण सवय दातांना नसून निकोटिनची असते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत ती बंदी पोहोचत नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशी मिश्री लावत असतील, तर त्यांना नुसती पेस्टची ट्यूब देऊन भागणार नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर त्यांना सोबत नेऊन तपासून घ्यावे.

ज्यांना तोंडात वरचेवर फोड येतात त्यांनी सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट काही महिने वापरून पाहावी. अनेकांना त्याने आराम पडतो. फेस कमी येतो, पण स्वच्छतेचा आणि फेसाचा संबंध नाही. ट्यूबच्या खालच्या टोकाला असलेला हिरवा, निळा किंवा काळा चौकोन घटकांविषयी काहीही सांगत नाही. ट्यूब कुठे कापायची आणि बंद करायची हे कारखान्यातल्या यंत्राला कळावे म्हणून ती खूण असते.

पेस्ट कोणतीही असो, रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. मऊ ब्रशने दोन मिनिटे घासावे, फेस थुंकून टाकावा आणि लगेच खळाखळा चुळा भरू नयेत. नाहीतर ज्या फ्लोराइडसाठी एवढे वाचले ते बेसिनमध्ये वाहून जाते. आपल्याला ही सवय जड जाते, हे मला ठाऊक आहे. एकच छोटी चूळ भरून थांबले तरी चालेल.

आणि आपल्या दातांची नेमकी गरज कोणती हे स्वतःला ठरवता येत नसेल, तर एकदा तपासणी करून घ्यावी. खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल त्यांच्यासाठी पुण्यात दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठाचे, कॅम्पात आझम कॅम्पसमधले रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपासतात, त्यामुळे वेळ काढून जावे लागते. जाताना घरात चालू असलेल्या पेस्टचे खोके आणि रोजच्या औषधांची यादी बरोबर न्यावी, म्हणजे पेस्ट बदलायची का आणि कोणती घ्यायची, हे तिथेच विचारून लिहून घेता येते.